कॅल्शियमचा निरोप

इंदिरानगरांतील आमच्या घरीं कॅल्शियमला मोठा मान आहे. मुलांचें दूध त्याच्या नांवानें पुढें येतें आणि वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांची विचारपूसही त्याच्याच नांवानें होते. परंतु वहिनींना कर्करोग झाल्याचें निदान झालें आणि या मानकऱ्यावर एकाएकीं संशय आला. कर्करोगाच्या पेशींत कॅल्शियमचा कांहीं हात असतो, असें कुणीसें सांगितलें. वहिनींनीं दूध सोडलें. त्यांच्याशीं वाद घालण्यापेक्षां मूळ गोष्ट काय आहे तें पाहावें, असें मीं ठरविलें.

ती गोष्ट जुनी आहे. १८८३ च्या सुमारास लंडनच्या सिडने रिंगर यांना आढळलें कीं, नळाच्या पाण्यांत केलेल्या क्षारद्रवांत बेडकाचें हृदय तासन्‌तास चालतें, पण ऊर्ध्वपातित पाण्यांतल्या द्रवांत तें लवकरच थकतें. फरक होता नळाच्या पाण्यांतील कॅल्शियमचा! प्रौढ देहांत तें सुमारें एक किलो असतें. त्यांतील शेंकडा ९९ भाग हाडांत व दातांत जातो. उरलेल्या अंशाकडे निरोप्याचें काम असतें. पेशीच्या आंत मोकळें कॅल्शियम बाहेरच्यापेक्षां सुमारें १०,००० पटींनीं कमी ठेवलेलें असतें. घरांत शांतता असली म्हणजे दारावरची हलकी थापही ऐकूं येते, तसेंच हें.

ही थाप ओळखणाऱ्या प्रथिनांपैकीं एक म्हणजे अ‍ॅनेक्सिन ए-२. कॅल्शियम भेटलें कीं तें पेशीच्या पडद्याला बिलगतें, त्याला पडलेलें छिद्र सांधण्यास हातभार लावतें. या शतकांतील संशोधनानें त्याचें आणखी एक काम दाखविलें. पेशीच्या मूळ दप्तरांतील आज्ञेची आरएनए नांवाची नक्कल निघते आणि तिच्यावरून प्रथिनें घडतात. ‘मिक्’ ही वाढीची आज्ञा. तिची नक्कल अल्पायुषी असते, अर्ध्या तासाच्या आंतबाहेर निम्मी नाहींशी होते. अ‍ॅनेक्सिन ए-२ कॅल्शियमच्या साह्यानें या नकलेचें शेपूट धरतें. आणि तें पेशींत वाढलें कीं मिक् प्रथिनही वाढलेलें दिसतें. कित्येक कर्करोगांत हें अ‍ॅनेक्सिन प्रमाणाबाहेर असतें.

मग दुधाचें काय? रक्तांतील कॅल्शियम गळ्यांतल्या चार इवल्या ग्रंथी काटेकोरपणें सांभाळतात, आणि पेशीच्या आंत किती जावें हें पेशीचे दरवाजे ठरवितात. पेलाभर दुधाचा अधिकार तेथवर पोंचत नाहीं. वहिनींच्या डॉक्टरांनींही हेंच सांगितलें, आणि दूध पुन्हां सुरू झालें.

परंतु त्यांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता : “हें माझ्यांत आलें कोठून?” या प्रश्नाचा शोध आपल्या लोकांनीं दोन दिशांनीं घेतला आहे. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें; तेथील डॉ. वसंत खानोलकर यांनीं १९४५ सालीं कमरेला घट्ट कसलेल्या धोतराचा तेथील त्वचेच्या कर्करोगाशीं संबंध दाखविला. पुण्यांत १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईंतच पेशी काचपात्रांत वाढवून त्यांचा अभ्यास केला. एकानें रूढीकडे पाहिलें, दुसरीनें पेशीकडे.

रूढी बदलतां येते, म्हणून पहिलें पाहणें मोलाचें. पण दुसऱ्यांतून दिलासाही मिळतो, असें मला वाटतें. कॅल्शियम आपलें, अ‍ॅनेक्सिन आपलें, वाढीची आज्ञाही आपलीच. तिच्याच बळावर तान्हें मूल वाढतें. बिघडतें तें त्यांचें एकमेकांशीं असलेलें प्रमाण. औषधयोजना इतकी कठीण कां, हें यावरून कळतें. कारण ज्यांना आवरावयाचें ते सारे घरचेच नोकर असतात. आणि रोग्यानें आपल्या ताटांत किंवा आपल्या पूर्वकर्मांत अपराधी शोधीत रात्री जागून काढण्याचें कारण नाहीं, हेंही कळतें.