चोर्ल्याचा घाट आणि दुसरा गिअर

बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्यास जाणाऱ्या वाटेची दोन रूपे आहेत. पिरनवाडी मागे टाकली की जांबोटीपर्यंत रस्ता शेतमळे व झाडी यांमधून निवांत जातो. वाटेत मलप्रभेवरील पूल लागतो आणि पुढे कणकुंबी येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवरील याच गावी मलप्रभा उगम पावते व पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेचा उतार धरून म्हादईकडे धावतो आणि म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीपाशी समुद्र गाठते. पाण्याची वाट येथे उतार ठरवितो. मोटार हाकणाऱ्याची परीक्षाही येथून पुढे उतारावरच होते.

आपल्या कित्येक घरांतील मुलेमुली आज मोटार चालविण्यास शिकत आहेत. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की मोटारीचा शिकाऊ परवाना मिळतो. तो सहा महिने चालतो, आणि निदान तीस दिवस लोटल्यावर चाचणी देता येते. परंतु ही चाचणी बहुधा सपाट जागी होते. क्लच दाबणे, गिअर बदलणे, गाडी मागे घेणे एवढे साधले म्हणजे शिक्षण पुरे झाले, असा समज होतो. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्यांस हा समज परवडणारा नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीस नुकताच परवाना मिळाला होता. तिची आजी घाटाखाली, सांखळीच्या बाजूस, एकटी राहते. भाऊ नोकरीनिमित्त महिनोन्महिने परगावी असतो. आजीला रात्रीअपरात्री बरे नाहीसे झाले, तर खाली धावत जाणे या पोरीच्याच वाट्यास येणार, हे घरात सर्वांस ठाऊक होते. म्हणून पावसाळा सरताच भाऊ तिला घेऊन निघाला. मी मागच्या बैठकीवर होतो.

घाटाच्या तोंडाशी त्याने गाडी कडेला घेण्यास सांगितले.

"बाळ, कितव्या गिअरमध्ये उतरशील?"

"चौथा आहे, बाबा. ब्रेक आहेच की!"

"ब्रेक थांबण्यासाठी राखून ठेव. गाडी आवरायची ती गिअरने. जो चढ ज्या गिअरमध्ये चढशील, तो उतारही त्याच गिअरमध्ये उतर."

या एका वाक्यात घाटाचे सारे शास्त्र आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये असली, म्हणजे इंजिन चाकांना फिरवीत नाही. उलट चाकांनाच इंजिन फिरवावे लागते. त्या ओझ्याने गाडी आवरली जाते. गिअर जितका खालचा, तितके इंजिन अधिक वेगाने फिरवावे लागते आणि तितका लगाम घट्ट बसतो. याउलट सारा उतार ब्रेकवर पाय दाबून उतरल्यास घर्षणाने ब्रेक तापतात, त्यांची पकड ढिली होते. फार तापल्यास ब्रेकमधील तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक एकाएकी मऊ लागतो. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारेही काही आहेत. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर असता ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बहुधा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास इंधन लागतेच. म्हणजे बचत तर नाहीच, वर जिवाला धोका!

मुलीने दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरले, पण गाडी शहाण्या बैलासारखी पाऊल मोजीत उतरू लागली. वळणाआधी ब्रेकला हलका स्पर्श आणि वळणात पाय मोकळा, असा क्रम चालला. एका अरुंद जागी खालून भरलेला ट्रक आला. तिने स्वतः होऊन गाडी कडेला घेतली. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी असा नियमच आहे, कारण चढावर थांबलेली अवजड गाडी पुन्हा हलविणे कठीण. पुढे झाडीच्या फटीतून अंजुणे धरणाचे पाणी चकाकले आणि केरी आली.

परतीच्या चढावर भावाने मुद्दाम गाडी थांबविली. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर. क्लच सावकाश वर सोडताच इंजिनचा आवाज जड झाला, गाडीचे नाक किंचित उचलले. तेव्हा तिने ॲक्सिलरेटर हलकेच दाबून हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागे न जाता पुढे निघाली.

दोन महिन्यांनी रात्री खरोखरीच आजीकडून निरोप आला. मुलगी शेजारच्या एका बाईंना सोबत घेऊन निघाली. पहाटे तिचा फोन आला : "काका, आजीला दवाखान्यात नेले, आता बरी आहे. घाट दुसऱ्यातच उतरले."

पालकहो, परवाना सरकार देते. पण घाट आपणच दाखवावा लागतो. मुलामुलींस एकटे धाडण्यापूर्वी शेजारी बसून, दिवसाउजेडी, एकदा तरी घाट उतरवून घ्यावा. त्या एका दिवसाचे शिक्षण कोणत्या रात्री कामास येईल, हे आधी कोणासच कळत नाही.