तलवार म्यानात घातल्यावर



"गेम खेळणं पाप आहे का?" संडे स्कूलची मुलं नेहमी विचारतात. मी म्हणतो, खेळा, पण साठ मिनिटं झाली की उठा. साठच का, ते ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेल्यांना कळेल.

जॉर्डन मेकनर यांचा हा गेम १९८९ साली आला. वडोदऱ्याला आमच्या घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा दादाने फ्लॉपीवरून तो मला दाखवला. राजकन्या कैदेत, हातात फक्त साठ मिनिटं, वाटेत सुळे आणि पहारेकरी. राजपुत्राचं धावणं खरंखुरं वाटे, कारण मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून त्याच्या व्हिडिओवरून ती चित्रं काढली होती. पुढे २००३ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ आला. त्यातल्या खंजिराने वेळच मागे फिरवता येई. २०२४ मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’ आला. माझ्या मनात मात्र पहिल्या गेममधली सावली राहिली आहे.

चौथ्या टप्प्यात राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याचीच सावली त्याच्यातून निघून पळते. बाराव्या टप्प्यात ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर केलेला वार आपल्यालाच लागतो. तिला मारलं तर आपणही मरतो. उपाय एकच. तलवार म्यानात घालायची आणि तिला सामोरं जायचं. दोघं एक होतात. मग पुढे नुसती पोकळी दिसते, पण पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटते.

आता दादाबद्दल, त्याच्या परवानगीने. तो बरीच वर्षं दारूत अडकला होता. सोमवारी शपथ घ्यायची, शनिवारी ती मोडायची, आणि मग स्वतःचा इतका राग की आरशातही बघवत नसे. जितका तो स्वतःला कोसे, तितका अधिक पिई. एका संध्याकाळी तो पाळकसाहेबांसमोर बसला आणि म्हणाला, "तो दारुडा मीच आहे. मला मदत हवी." तिथून उपचार सुरू झाले. मध्ये दोनदा घसरला, पुन्हा उठला. आज चार वर्षं झाली. पुढच्या वर्षाचं तो बोलत नाही. आजचा दिवस गेला की रात्री आईला फोन करतो.

गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली, तेव्हा प्रभूने ती म्यानात घालायला सांगितलं. आपल्यापैकी कितीजण ती स्वतःवरच उपसून बसले आहेत! पाप पापच आहे. पण ते प्रभूपुढे कबूल करणं वेगळं आणि स्वतःचा द्वेष करणं वेगळं. गेममधला राजपुत्र त्या पोकळीवर एकटा चालतो. आपल्याला एकट्याने चालावं लागत नाही.

प्रार्थना: हे प्रभू, स्वतःशी लढून थकलेल्यांना आज तुझ्याजवळ आण. त्यांच्या घरी वाट पाहणाऱ्यांना धीर दे. आमेन.