दोन गोळ्या

मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि चार-पाच दिवसांत बाबांचा फोन आला, "हत्यार जमा करायचं आहे. या खेपेला तू ये." चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या आमच्या दोन्ही मतदारसंघांत पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला मतदान होतं. बाबा एरवी हे काम एकटेच करतात. पण वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. सही करतानाही थरथरतो, रिव्हॉल्वर उचलताना तर विचारू नका. लॅपटॉप घेऊन पुण्याहून निघालो.

हत्यार म्हणजे वेब्ली अँड स्कॉटचं, बर्मिंगहॅममध्ये बनलेलं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्वर. खटका दाबून नळी खाली मोडली की मागचा गोल भाग उघडतो आणि रिकाम्या पुंगळ्या आपोआप वर येतात. मी इंजिनिअर असल्यामुळे असेल, पण त्या वस्तूतलं मला सगळ्यात जास्त हेच आवडतं. लहानपणी ते वर्षातून एकदाच दिसायचं, दसऱ्याला. आई त्याला कुंकू लावायची, झेंडूचं फूल वाहायची आणि बाबा गोष्ट सांगायचे. पणजोबा वैनगंगेकाठच्या दोन गावांचे मालगुजार. एका संध्याकाळी तलावाच्या पाळीवर पट्टेदार वाघ समोर आला. पणजोबांनी दोन गोळ्या झाडल्या, वाघ वळला आणि निघून गेला. त्यानंतर आमच्या घरात कुणी एकही गोळी झाडली नाही.

ठाण्याच्या आवारात, कडुलिंबाखाली, तीसेक माणसं होती. बहुतेकांकडे शेतीरक्षणाच्या बंदुका होत्या. एकनळी, दुनळी, दोन-तीन ठासणीच्या, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत भरमार. धानाच्या बांध्यांत रानडुकरं घुसतात त्यासाठी. कुणी जुन्या धोतरात गुंडाळून आणलेल्या, कुणी खताच्या पिशवीत. हवालदार परवान्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून बघत होते आणि सावकाश पावती लिहीत होते. हातातली छोटी हत्यारं असलेले आम्ही तिघंच. तिघं आपोआप एका बाकावर आलो.

पहिले गृहस्थ तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांच्या घरातले. त्यांच्याकडे बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं, १९१० च्या घाटणीचं ब्राउनिंग. त्यांनी ते रुमालावर ठेवून दाखवलं. १९१४ मध्ये सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं गेलं ते याच घाटणीच्या पिस्तुलाने, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना सांगायची होती वडिलांची गोष्ट. तेंदूच्या हंगामात मजुरीची रोकड घेऊन वडील गडचिरोलीच्या जंगलात फळीवर जायचे, पैसे थैलीत आणि पिस्तूल बंडीच्या खिशात. कधी बाहेर काढायची वेळ आली नाही. १९८० नंतर नक्षलवादी त्या भागात आले आणि सगळं उलटं झालं. ज्या पिस्तुलामुळे माणूस निर्धास्त जायचा, त्याच पिस्तुलामुळे त्याच्या जिवाला घोर लागला. वडिलांनी ते नागपूरच्या विक्रेत्याकडे ठेवायला दिलं आणि पुढची वीस वर्षं त्याचं भाडं भरत राहिले. "विकलं का नाही?" मी विचारलं. "तेच त्यांना आई विचारायची," ते म्हणाले.

दुसरा माझ्याच वयाचा, राइस मिलवाला. त्याचं कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, त्याच ०.३२ बोअरचं. आमचं वेब्ली बघून त्याचे डोळे चमकले. ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची खाजगी आयात बंद झाली, तेव्हापासून देशात आहेत तेवढीच विलायती पिस्तुलं हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत लाखांत जाते. बाबांनी मग नेहमीची गोष्ट सांगितली. तलाव, पाळ, वाघ, दोन गोळ्या.

राइस मिलवाला हसला. "काका, बत्तीस बोअरने वाघ? अहो, रानडुक्करसुद्धा वळून बघणार नाही."

बाबा काही बोलले नाहीत. मीही अठ्ठावीस वर्षांत ही साधी गोष्ट तपासून बघितली नव्हती. ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायचे पैसे घेतो मी.

तेवढ्यात मागे उकिडवे बसलेले एक म्हातारे पुढे सरकले. आमच्याच गावचे, ढिवर मोहल्ल्यातले. मांडीवर एकनळी. ऐंशीच्या घरातले असतील. "वाघ नोयतं ते भाऊ," ते बाबांना म्हणाले. "आमी होतो."

१९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी तलाव, म्हणून आजही त्यांना मामा तलाव म्हणतात. हे मला शाळेपासून माहीत होतं. काकाजी सांगत होते त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं. तलाव आता आपलाही, असं समजून त्यांचे वडील आणि आणखी चारजण जाळं घेऊन पाण्यात उतरले. काकाजी सात-आठ वर्षांचे, काठावर टोपली धरून. पणजोबा पाळीवर आले. एक गोळी वर, एक पाण्यात.

"बाप जाळं टाकून पऱ्हाला. नवं होतं जी. मायनं सूत कातलं, बापानं विनलं. पाच महिने लागले होते." मग ते हसले. "पुढच्या सालाले गेलोच आमी. कोनी आलं नाही मंग."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी बाबांना एवढंच विचारलं, "दाखवता का जरा? तवा दुरून पाह्यलं होतं."

बाबांनी कापड उलगडलं. हात थरथरत होता. काकाजी वाकले, बराच वेळ बघत राहिले, हात लावला नाही.

"येवढंसं?" ते म्हणाले.

पावती घेऊन आम्ही गाडीत बसलो. मूलचा फाटा येईपर्यंत बाबा गप्प होते. मग म्हणाले, "वडिलांनी सांगितलं होतं मला. एकदाच. वाघ तुझ्या आजीने आणला, आम्ही लहान होतो तेव्हा. दोन गोळ्या कमी होत्या हे पोरांना माहीत होतं, त्या कुठेतरी मारायलाच हव्या होत्या."

"आणि तुम्ही मला वाघच सांगितला."

"दसऱ्याला काय सांगणार होतो?"

खरा प्रश्न पुढेच आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे एखाद्याने २५ वर्षं हत्यार सांभाळलं असेल, तर हयातीतच त्याला ते वारसाच्या नावावर करून देता येतं. बाबांकडे ते १९९६ पासून आहे. हात आणखी बिघडायच्या आत त्यांना ते माझ्या नावावर करायचं आहे. मला त्यासाठी हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, अर्ज भरावा लागेल, चौकशी होईल. अर्ज कॉम्प्युटरवर उघडून ठेवलाय. परवाना कशासाठी हवा, या रकान्यापाशी मी थांबलो. कौटुंबिक वारसा, असं लिहिलं तर चालतं, आणि ते खोटंही नाही. विकून टाकलं तर गिऱ्हाईक मिळेल, राइस मिलवाल्याचे दोन फोन येऊन गेलेत. काकाजींच्या घरी काही द्यावं, असंही एकदा मनात आलं. पण काय द्यायचं? जाळं? आता नायलॉनची जाळी तालुक्याच्या बाजारात मिळतात, आणि गावातल्या मच्छीमार सोसायटीकडे तलावाचा ठेका आहे. मी जाळं घेऊन गेलो तर ते बहुधा हसतील. मग चहा पाजतील.

निकालानंतर जूनमध्ये रिव्हॉल्वर परत मिळालं. दसऱ्याला आईने झेंडू वाहिला. माझी सहा वर्षांची भाची पाटावर बसून म्हणाली, "आजोबा, वाघ." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मीच सांगितली. तलाव, पाळ, पाच माणसं, सात वर्षांचा मुलगा, टोपली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग त्यांना जाळं परत मिळालं?"

ते मी विचारलंच नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं. दिवाळीला गावी गेलो की काकाजींना भेटायचं आहे.