साठाव्या वर्षी मुक्तागिरी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते, साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि आपल्या घरांतही प्रवासाचे बेत निघू लागतात. वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांची अडचण मात्र नेमकी याच वेळी सुरू होते. दिवाळीनंतर कापसाची आवक भरात येते, जिनिंगच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात, संक्रांतीच्या आगेमागे नवी तूर बाजारात येते आणि पेढीवरून उठायला सवड मिळत नाही. ज्या गृहिणींचा वाढदिवस थंडीच्या दिवसांत येतो, त्यांचा तो दिवस अशा घरांत कसा पार पडतो, हे अकोला आणि अमरावती येथील नोकरीच्या काळात मी पुष्कळदा पाहिले आहे. मुलगा मिठाईचा पुडा आणतो, पाहुण्यांसाठी स्वयंपाक होतो, आणि तो बहुधा जिचा वाढदिवस असतो तीच करते.

माझ्या पत्नीला गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात साठ वर्षे पूर्ण होणार होती. तिला न सांगता कोठेतरी न्यायचे, असे आम्ही घरातल्यांनी ठरवले. ठिकाण निवडताना जो विचार करावा लागला तो इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो आहे.

मुलांची पहिली पसंती काश्मीरला होती, जावयांची दुबईला. दोन्ही सूचनांमागे प्रेम होते. बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना आधी अर्जदाराची गरज पाहावी आणि मग रक्कम, असा शिरस्ता होता. तोच येथे लावला. जिच्यासाठी प्रवास आहे तिचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे आधी कागदावर लिहून काढले. सकाळी देवदर्शन झाल्याशिवाय ती मुखात काही घालत नाही. सूर्यास्तानंतर अन्न-पाणी घेत नाही. कंदमुळे वर्ज्य आहेत. गुडघ्यांची झीज झालेली आहे. डॉक्टरांनी पायऱ्या चढायला मनाई केलेली नाही, पण वर्ष-दोन वर्षांत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, असे सांगितले आहे.

या चार ओळींपुढे बरीच ठिकाणे आपोआप गळाली. डिसेंबरअखेरीस आपल्या अमरावतीत सूर्य सातच्या थोडे आधी उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. श्रीनगरला तो साडेसातला उगवतो व साडेपाचला मावळतो. ज्यांच्याकडे नवकारशीचा नियम आहे त्यांनी सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे त्यात धरली, तर दिवसाकाठी जेमतेम नऊ-सव्वानऊ तास हाती उरतात. त्यातच दर्शन, भोजन आणि फिरणे बसवायचे. हॉटेलात मध्यरात्री केक कापण्याची जी पद्धत मुलांच्या मनात होती, ती तर या व्रतात बसणारीच नव्हती. प्रवासाला निघालेल्या बाईला तीन दिवस अर्धपोटी ठेवून तिचा वाढदिवस साजरा झाला असे कसे म्हणावे?

मग तीर्थक्षेत्रांचा विचार झाला. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेले सम्मेद शिखरजी सर्वांच्या मनात पहिले येते. तेथील वंदनेचा फेरा सुमारे २७ किलोमीटरांचा आहे: नऊ चढण्याचे, नऊ टोंकांच्या दर्शनाचे, नऊ उतरण्याचे. थंडीत पहाटे दोन-तीनला निघावे लागते. डोलीने जाता येते, पण पत्नीचा स्वभाव डोलीत बसण्याचा नाही. श्रवणबेळगोळ येथे विंध्यगिरीच्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या अनवाणी चढायच्या, आणि बडनेऱ्याहून जाण्यायेण्यातच दोन-तीन दिवस मोडतात. अबूचे देलवाडा पाहण्यासारखे आहे. विमलवसही १०३१ सालची. पण मुलाला हंगामात आठ दिवस दुकान सोडता येत नव्हते, आणि त्याच्याशिवाय हा प्रवास पूर्ण झाला नसता.

जवळचे पाहू लागलो, तेव्हा वऱ्हाडाची श्रीमंती ध्यानात आली. कारंजा लाडला सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन परंपरांची मंदिरे आहेत. तेथील हस्तलिखितांच्या भांडारांनी अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला मोठा आधार दिला. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैन यांनी त्यांतील ग्रंथ प्रकाशात आणले, आणि धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला भाग १९३९ मध्ये याच अमरावतीतून प्रसिद्ध झाला. १९१८ मध्ये कारंजात स्थापन झालेले महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल तर अनेक घरांच्या आठवणीत आहे. दुसरा बेत शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन आणि पुढे लोणार असा होता. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले ते विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे आहे. २०२० मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला. इतिहासाची आवड असलेल्या माझ्यासारख्याला यांपैकी कोणताही बेत चालला असता.

निवड माझ्या आवडीने व्हायची नव्हती. ती सुनेच्या एका बोलण्याने झाली. पत्नी कधीतरी स्वयंपाकघरात तिला म्हणाली होती, "मुक्तागिरीला मी कितीदा गेले असेन, पण बावन्नच्या बावन्न मंदिरं एका दमात कधी झालीच नाहीत गं." लहानपणी आजीबरोबर गेली, तेव्हा आजी थकली म्हणून परतली. लग्नानंतर पाहुण्यांबरोबर गेली, तेव्हा कडेवर मूल होते. पुढे माझ्या आईला घेऊन गेली. आई खालच्या मंदिरांपाशी बसली आणि सून तिच्याजवळ. प्रत्येक वेळी सोबतच्यांपैकी कोणाला तरी थांबायचे होते आणि तिने त्याच्याबरोबर थांबायचे, हे गृहीतच होते. आपल्या बहुतेक घरांतील स्त्रियांच्या तीर्थयात्रा अशाच झालेल्या असतात. गुडघ्यांचा विचार करता स्वतःच्या पायांनी तो डोंगर फिरण्याची हीच वर्षे होती. ठिकाण ठरले.

आता प्रश्न गुपिताचा. 'परतवाड्याला नातेवाइकांकडे वास्तुशांती आहे' असे सांगून न्यावे, ही सूचना आली. मला ती रुचली नाही. सत्याणुव्रत पाळणाऱ्या बाईला तिच्या साठीनिमित्त खोटे सांगून घराबाहेर काढायचे, हे विचित्रच झाले असते. सांगायचे राहून गेलेले आणि खोटे सांगितलेले, या दोहोंत फरक आहे. मी तिला एवढेच म्हटले, "तीन दिवस मला दे. कुठे जायचं ते विचारू नकोस. दर्शन चुकणार नाही, जेवण सूर्यास्ताआधी होईल, थोडं चढावं लागेल. गुडघ्याचा पट्टा आणि औषधं बरोबर घे." ती म्हणाली, "अहो, मग लपवलंत काय?" ठिकाण तेवढे लपवले होते, आणि परतवाड्याचा रस्ता लागेपर्यंत तिने खरोखरच विचारले नाही.

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर आणि तेथून मुक्तागिरी चौदा-पंधरा. अकोल्याच्या मंडळींना अकोट, अंजनगाव सुर्जीमार्गे परतवाडा शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. डिसेंबरात हा सारा भाग पाहण्यासारखा असतो. अंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग रस्त्याकाठी दिसतात, कापसाच्या गाड्या शहराकडे निघालेल्या असतात, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ हळूहळू जवळ येत जाते. मुक्तागिरी प्रशासनाच्या दृष्टीने मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात आहे. परंतु त्याचे नाते अचलपूरशी. प्राकृत निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येस असलेल्या मेंढगिरीचा उल्लेख आहे आणि तेथून साडेतीन कोटी मुनी मुक्त झाल्याचे सांगितले आहे. ध्यानस्थ मुनींसमोर डोंगरावरून मेंढा कोसळला, मुनींनी त्याला णमोकार मंत्र ऐकवला आणि तो देवगतीस गेला, ही कथा मेंढगिरी या नावामागे आहे. क्षेत्राच्या इतिहासात एक नोंद व्यापारी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी अशी आहे: १९२३ मध्ये अचलपूरचे नत्थुसा पासुसा कळमकर यांनी हा डोंगर खापर्डे यांच्या मालगुजारीतून खरेदी केला. मंदिरांचे रक्षण व्हावे म्हणून एका गृहस्थाने डोंगर विकत घेतला. आज आपण तेथे निर्वेध चढतो त्यामागे तो व्यवहार आहे.

पहिल्या दिवशी दुपारी पायथ्याच्या धर्मशाळेत पोहोचलो. भोजनशाळेत आगाऊ कळवले होते. पाच वाजता जेवण झाले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे वाढदिवसाच्या सकाळी, उजाडल्यावर चढायला सुरुवात केली. मुलगा आणि सून पुढे-मागे होते, पण कोणी तिला हात द्यायचा नाही आणि कोणी घाई करायची नाही, असे आधीच ठरले होते. सुमारे अडीचशे पायऱ्या चढल्यावर मंदिरांचा समूह नीट उलगडतो. डोंगराच्या कुशीत एकावर एक रचल्यासारखी पांढरी शिखरे, मधून कोसळणाऱ्या धबधब्याची वाट. पावसाळ्यात तेथे पाण्याचा घोष असतो. डिसेंबरात एक बारीक धार उरते आणि म्हणूनच मंदिरांतील पाठ दूरवर ऐकू येतो. पायाखालचा दगड थंडगार होता. अनवाणी चालताना पहिला अर्धा तास तो बोचतो, ऊन चढले की सुखावतो.

मंदिरांना क्रमांक आहेत, त्यामुळे मोजायला सोपे जाते. दहाव्या क्रमांकाचे मेंढगिरीचे मंदिर खडकात कोरलेले आहे. खांब आणि छत यांवरील कोरीवकाम पाहायला तेथे थोडे थांबावे. सव्विसावे पार्श्वनाथांचे मंदिर हे या क्षेत्राचे मुख्य स्थान. तेथील सप्तफणायुक्त मूर्तीपुढे ती बराच वेळ बसली. मध्ये दोनदा गुडघा धरला. तेव्हा ती पायरीवर बसली आणि आम्ही सर्व तिच्यासाठी थांबलो. असे थांबणे तिच्या वाट्याला नवे होते. "तुम्ही पुढे व्हा, मी येते," असे ती सवयीने म्हणाली, आणि कोणीही पुढे गेले नाही. चार तास लागले. शेवटच्या मंदिरातून बाहेर येऊन ती म्हणाली, "झाली हो बावन्न." नंतर सुनेकडे पाणी मागितले.

तिसऱ्या दिवशी परतवाड्यात सकाळचे दर्शन करून चिखलदऱ्याला गेलो. तेथे मुलगी, जावई आणि नातवंडे परस्पर आली होती. गुपिताचा हा दुसरा भाग मात्र तिला मुळीच कळला नव्हता. परतवाड्याहून तीसेक किलोमीटरांचा घाट चढला की सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे पठार लागते. विदर्भात कॉफीची लागवड येथेच आढळते. भीमाने कीचकाला जेथून लोटले असे सांगतात ती दरी, पंचबोल पॉइंटवरून परतणारा प्रतिध्वनी आणि गाविलगड, एवढे एका दिवसात निवांत होते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने घेतलेला हा किल्ला पाहायलाही हीच थंडी योग्य. दुपारी साडेबाराला सर्वांनी एकत्र भोजन केले. घरून नेलेल्या पुरणपोळ्या होत्या आणि त्या सुनेने केल्या होत्या. चारला घाट उतरायला लागलो, म्हणजे सूर्यास्तापूर्वीचे जेवण परतवाड्यात वेळेवर झाले.

असा बेत कोणी आखणार असेल तर काही गोष्टी सांगतो. कार्तिकी पौर्णिमा आणि नाताळाची सुटी या काळात गर्दी असते, म्हणून मधला आडवार निवडावा. धर्मशाळेतील खोली, भोजनाची वेळ आणि डोलीची सोय यांविषयी क्षेत्राच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. वयस्कर माणसासाठी चढण्याचा आणि चिखलदऱ्याचा दिवस वेगळा ठेवावा. एका दिवसात दोन्ही उरकण्याचा मोह टाळावा. औषधे, व्रते आणि पायऱ्या यांबाबत जिला न्यायचे तिच्यापासून काही लपवू नये. लपवायला ठिकाणाचे नाव पुरेसे आहे. आणि ठिकाण सुचत नसेल तर सुनेला किंवा मुलीला विचारावे. घरातील स्त्रीचे काय राहून गेले आहे, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. पेढी तीन दिवस मुनीमजी सांभाळतात. कापसाचा हंगाम पुढच्या वर्षीही येतो.