गप्प बसणाऱ्या यंत्राचे गाव

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. बर्फ पाहिला का, चॉकलेट आणले का आणि घड्याळ केवढ्याला पडले? आम्ही मात्र तिथे गेलो ते एक जुना रेकॉर्ड प्लेअर पाहायला. हे सांगितले की विचारणारा आधी माझ्याकडे आणि मग सहानुभूतीने आमच्या सौ.कडे पाहतो.

त्याचे असे झाले. वडिलांच्या मागे घरातली भांडी थोरल्या भावाकडे गेली, घड्याळे धाकट्याकडे, आणि तबकड्यांची लाकडी पेटी कुणालाच नको होती म्हणून माझ्याकडे आली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या ऐंशीएक तबकड्या. ही लाखसुद्धा आपलीच बरे का. जगभरच्या कारखान्यांना ती प्रामुख्याने हिंदुस्थानातूनच जात असे. शिवाय माझ्या स्वतःच्या लाँग प्ले तबकड्या होत्याच. पण त्या वाजवायच्या कशावर? घरातला प्लेअर ७८ वर फिरत असे, पण मनाला येईल तसा. आमच्या सौ. पंधरा वर्षे गाणे शिकलेल्या. तानपुरा सुरू झाला की त्या म्हणत, "मागे कुणी पिठाची गिरणी लावलीय का?"

गिरणी होतीच. तबकडीवरची रेघ म्हणजे आपल्या केसाहूनही बारीक घळ असते. लाँग प्लेच्या एका बाजूची घळ सरळ केली, तर जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब भरेल. तिच्या भिंतींवरच्या अतिसूक्ष्म वळणांतून सुई गाणे वेचते. सुईला गाणे कोणते आणि मोटारीची थरथर कोणती हे कळत नाही. जे हलते ते सगळे ती इमानेइतबारे स्पीकरकडे पाठवते. म्हणून स्पीकर कितीही भारी घेतले तरी गिरणी बंद होत नाही, उलट अधिक स्पष्ट ऐकू येते. पैसे घालायचे तर आधी तबकडी फिरवणाऱ्या यंत्रातच, हे मला पटले होते.

लोझानला राहणाऱ्या भाच्याला मी हे कळवले. त्याचे उत्तर आले : "मामा, इथून तासाभरावर सँत-क्रुआ म्हणून गाव आहे. थोरेन्सची यंत्रे तिथलीच. कारखान्यात काम केलेले एक आजोबा अजून जुनी यंत्रे दुरुस्त करून विकतात. मामींना घेऊन याच."

लोझानहून आगगाडीने इव्हर्दोंला उतरायचे आणि समोर उभ्या असलेल्या छोट्या गाडीत बसायचे. ही मीटरमापी गाडी ज्युरा डोंगर चढत जाते. खाली नशातेलचे सरोवर लांब होत जाते आणि खिडकीशी सूचिपर्णी वृक्षांची गर्दी होते. हा लोहमार्ग १८९३ साली सुरू झाला. ज्या धनिकाने त्यासाठी पैसा दिला त्याची अट होती, की पहिली पंचवीस वर्षे रविवारी गाडी धावता कामा नये. रविवार देवाचा! हे ऐकून सौ. म्हणाल्या, "अशी अट घालणारा आमच्या स्वयंपाकघराला कुणी भेटला नाही."

सँत-क्रुआ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. हिवाळा लांब, जमीन कठीण. बर्फात अडकलेल्या शेतकऱ्यांनी पूर्वी घरोघर घड्याळाचे भाग करायला घेतले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांची बोटे संगीतपेट्यांकडे वळली. पोलादी फणी छेडून सूर काढण्याची युक्ती १७९६ साली जिनीव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने काढली होती. या गावाने ती जगाच्या दिवाणखान्यात पोचवली.

गावातल्या संग्रहालयात या पेट्या पाहिल्या. पितळी नळकांड्यावर हजारो बारीक खिळे असतात. नळकांडे फिरते तसा एकेक खिळा फणीचा एकेक दात उचलून सोडतो आणि सूर उमटतो. प्रत्येक दात कानसीने घासून सुरात आणायचा. खर्जाच्या दातांना खालून शिशाचे वजन द्यायचे. खिळे बसवण्याचे काम बहुतेक बायका घरी बसून करत. दाखवणाऱ्या बाईंनी एका पेटीला चावी दिली, तेव्हा सौ. माझ्या कानात म्हणाल्या, "सूर चोख आहे. पण मींड कुठून आणणार?" खरेच होते. पेटीला फक्त तिच्या फणीत आहे तेच गाता येते.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ बोलका केला आणि या गावावर संकट आले. जे यंत्र कुणाचाही आवाज पुन्हा ऐकवते, त्याच्यापुढे चार-सहा गती वाजवणाऱ्या पेटीला कोण विचारणार? गावकऱ्यांनी हाय खाल्ली नाही. पाईयार या कारखान्याने ग्रामोफोन केले, पुढे हेर्मेस टंकलेखन यंत्रे आणि बोलेक्स कॅमेरे केले. एर्मान थोरेन्स यांनी १८८३ साली संगीतपेट्यांसाठी काढलेला कारखानाही फोनोग्राफ, ग्रामोफोन, सिगारेट पेटवायचे लायटर, तोंडाने वाजवायचे बाजे असे काय काय करत राहिला आणि १९५७ साली त्याने टीडी १२४ हे यंत्र बाजारात आणले.

तेच यंत्र आजोबांच्या माळ्यावरच्या खोलीत टेबलावर होते. आजोबा ऐंशीच्या घरातले. सोळाव्या वर्षी कारखान्यात उमेदवारीला लागले, असे म्हणाले. त्यांच्या फ्रेंचचे मराठी भाचा करत होता, पण त्यांची बोटे काय सांगत होती ते आम्हाला तसेच समजत होते.

त्यांनी वरची हलकी ॲल्युमिनियमची थाळी काढली. खाली बिडाची थाळी होती. "उचला," म्हणाले. मी एका हाताने उचलायला गेलो आणि दुसरा हात लावावा लागला. वजन साडेचार किलो. एकदा गती घेतली की ही जड थाळी आपल्या भारानेच एकसारखी फिरते, मोटारीचे बारीकसारीक हिसके तिला जाणवत नाहीत. मोटार थाळीला थेट भिडतही नाही. आधी रबरी पट्टा, मग पायऱ्यापायऱ्यांची कप्पी, मग रबरी चाक आणि मग थाळी. वाटेत थरथर निवत जाते. यंत्र समपातळीत आहे की नाही ते पाहायला गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा आणि चार कोपऱ्यांना चार फिरत्या चकत्या. "माझी सासू अशी असती तर!" असे आजोबा म्हणाल्याचे भाच्याने सांगितले, पण ते भाच्याचेच असावे.

मग त्यांनी आवाजाची कळ बरीच वर नेली आणि एका लाँग प्लेच्या सुरुवातीच्या, गाणे नसलेल्या रेघेवर सुई ठेवली. आम्ही वाट पाहू लागलो. काहीच ऐकू येईना. अगदी हलकी सळसळ, बस्स. आजोबा आमच्याकडे पाहून हसले. विकायचे होते ते त्यांनी दाखवले होते.

सौ.नी साडीत गुंडाळून, विमानात मांडीवर धरून आणलेली हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी पुढे केली. आजोबांनी सुई बदलली, कारण ७८ च्या तबकडीची घळ रुंद असते, तिला जाड टोकाची सुई लागते. यंत्राच्या खिडकीत दिव्याखालचे ठिपके स्थिर दिसले, म्हणजे वेग बरोबर ७८. गाणे सुरू झाले. गिरणी गेली होती. पण सौ.च्या कपाळाला आठी. "बाई अशा पातळ आवाजात गात नव्हत्या. लहानपणी मी त्यांना समोर बसून ऐकलंय."

भाच्याने भाषांतर करताच आजोबांनी मान डोलावली. जुन्या तबकड्यांवर ७८ लिहिलेले असले, तरी मुद्रण नेमक्या त्याच वेगाने झालेले असे नाही. या यंत्राला वेग तीन टक्के कमी-जास्त करण्याची कळ आहे. तीन टक्के म्हणजे साधारण पाव स्वराचा फरक. आजोबांनी सौ.चा हात धरून कळीवर ठेवला. त्या डोळे मिटून ती केसभर मागे आणत गेल्या. आवाज खाली उतरला, भरला, स्थिरावला. एका जागी त्यांचा हात थांबला.

"ह्या," त्या म्हणाल्या. "ह्या हिराबाई."

पुढची दोन मिनिटे कुणी बोलले नाही.

यंत्राच्या मोठ्या कळीवर ३३, ४५ आणि ७८ यांशिवाय चौथी खूण आहे, १६⅔ फेऱ्यांची. ती कशाला, असे मी विचारले. लांबलचक भाषणांसाठी, असे उत्तर आले. मला मात्र दुसरीच तबकडी आठवली. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. यानाबरोबर सुईही पाठवली आहे आणि वेग सांगितला आहे तो हाच, १६⅔. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्यांचा सूर सूर्यमालेबाहेर चालला आहे. तिथे तो कुणी वाजवलाच, तर त्यालाही आधी एकसारखे फिरणारे आणि स्वतः गप्प बसणारे यंत्र बनवावे लागेल.

शंभर वर्षे या गावाने स्वतः गाणाऱ्या पेट्या केल्या आणि मग त्याच हातांनी न गाणारे यंत्र केले. भारी प्लेअर गाण्यात काही भर घालत नाही. तो आपले काही मिसळत नाही, एवढेच. पैसे द्यायचे ते या न मिसळण्याचे.

पैसे मात्र बरेच होते, काही हजार फ्रँक. मी भाच्याशी रुपयांचा हिशेब मांडत होतो, परतीच्या प्रवासातली युरोपची उरलेली गावे मनातल्या मनात खोडत होतो. सौ.नी विचारले, "आपल्याकडच्या विजेवर चालेल ना?" चालेल. दोन्हीकडे आवर्तने पन्नासच. "मग व्हेनिस राहू दे. पाणी पुण्यातही पाहता येतं पावसाळ्यात."

आजोबांनी बिडाची थाळी वेगळी बांधून दिली. ती मी पाठीवर घेतली. थोरेन्सचा कारखाना साठच्या दशकाच्या मध्यात जर्मनीत गेला, ते नाव आजही तिकडेच आहे. पण गावात रजची संगीतपेटी अजून बनते आणि यंत्रकलेच्या या परंपरेला २०२० साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

आता यंत्र आमच्याकडे भिंतीत ठोकलेल्या कडाप्प्याच्या फळीवर आहे. नातवंडांनी कितीही उड्या मारल्या तरी सुई हलत नाही. रोज संध्याकाळी दिवा लागला की एक तबकडी, एकच. सौ. कळ जुळवतात आणि तिची जागा वहीत टिपून ठेवतात. ऐंशीपैकी एकतीस झाल्या आहेत. बत्तिसावीवरचे नाव पुसले गेले आहे. कोण गाते आहे ते दिवाळीच्या पाडव्याला ऐकायचे ठरले आहे.