बाय हूम?

शनिवारी ताईकडे गेलो तर भाचीची सातवीच्या इंग्रजीची उजळणी चाललेली. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सोनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती... शाळेतल्या मराठीच्या जोरावर मी भाव खाऊन घेतला. मग पॅसिव्ह व्हॉइस.

"मामा, 'बाय'नंतरचा माणूस गाळला तर चालतं?"

चालतं म्हणजे काय, ऑफिसातली आमची निम्मी मेल्स त्यावरच चालतात! 'सर्व्हर चुकून बंद केला गेला.' (मीच केला होता. असो.)

शेवटी समोरच्याला पटवून देणारं पत्र. तिने ते ताईलाच लिहिलेलं: आजीला गावी पाठवू नका. तीन कारणं, प्रत्येकाला उदाहरण, ताई काय म्हणेल त्यालाही आधीच उत्तर. आणि खाली, 'यू से इट हॅज बीन डिसायडेड. बाय हूम?'

आईला गावी पाठवू या, हे मीच सुचवलं होतं.

"ग्रामर तपास ना," भाची म्हणाली. दोन स्पेलिंगं दुरुस्त करून दिली.