साडेबारा लाखांचा देश, एक कंटेनर

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत आमच्या एकट्या सातारा जिल्ह्याची तीस लाख भरली होती. म्हणजे माझं गाव लोणंद सोडून मी ज्या देशात सुका पास्ता विकतो, तो अख्खा देश आमच्या जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. पोर्ट लुईत धंदा करायचा तर हा हिशोब आधी पक्का हवा.

लोणंदला कांद्याचा भाव पडला की व्यापारी गाडी पुण्याकडे वळवतो. इथे वळवायला जागाच नाही. चहूकडे समुद्र, बंदर एकच. कंटेनर उतरला की त्यातली शेवटची पुडीसुद्धा याच बेटावर खपवायची. म्हणून आयातदाराचं सगळं कसब मागणी लिहितानाच लागतं. कारखान्याला आमची मागणी म्हणजे चिल्लर; आमच्यासाठी वेगळी पुडी छापायला कोण बसलंय? जे आहे त्यातून निवडायचं आणि एकाच कंटेनरमध्ये चार आकार बसवायचे. त्यातही मेख आहे. नळीचा पास्ता पोकळ, वजनाची मर्यादा गाठण्याआधीच डबा भरून जातो आणि आतल्या हवेचंही भाडं भरावं लागतं. स्पॅगेटी मात्र काडेपेटीतल्या काड्यांसारखी दाटून बसते. त्यामुळे स्पॅगेटीवर चार पैसे सुटतात आणि मॅकरोनीवर दुकानदार टिकतो.

इटलीचा माल उत्तम, पण महाग. तिथे १९६७पासून कायदाच आहे की सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा. ईजिप्त आणि मॉरिशस दोघेही कोमेसा या आफ्रिकी व्यापारसंघात असल्यामुळे तिकडचा माल स्वस्तात पडतो. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपातली बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. मोठ्या देशाच्या गोदामात माल शिल्लक असतो, त्यांना उशीर सोसतो. आमच्या फळ्या मात्र लगेच रिकाम्या दिसू लागतात.

माल आला की मी आधी वरची खोकी उघडतो. दमट हवेत कंटेनरच्या छताला पाणी सुटतं, ते ठिबकून पुठ्ठा भिजतो आणि तिथूनच कीड लागते. मग एक स्पॅगेटी उजेडात धरायची. केसाएवढ्या भेगा दिसल्या तर समजायचं, कारखान्याने घाईघाईत वाळवलीय. उकळत्या पाण्यात तिचे तुकडे होणार. पांढरे ठिपके दिसले तर रवा नीट भिजलेला नाही. चांगली काडी पिवळसर, काचेसारखी असते आणि टचकन तुटते. ही पारख मला कुठल्या इटालियनाने शिकवली नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात शेवया घालणाऱ्या बायका हेच बघायच्या. सातारा-सांगलीकडची खपली आणि बन्सी या गव्हांच्या शेवया दुधात शिजल्या तरी गळत नाहीत. बन्सी तर ड्युरमच. त्याचा पास्ता आपल्याकडून इकडे का येऊ नये, हे मला मनापासून टोचतं.

खेड्यातल्या लाबुटिकवाल्यांचा, म्हणजे इथल्या छोट्या किराणा दुकानदारांचा, मला फार आदर आहे. त्यांच्याकडे अजूनही उधारीची वही असते, महिनाअखेरीस पगार झाला की हिशोब मिटतो. सुपरमार्केटने नाकारलेला आकारही ते ओळखीच्या घरी खपवून देतात. छोट्या बाजाराला अशाच माणसांचा आधार असतो.

पण हा आधारही एकदा कमी पडला, तोही गावच्या कांद्यापायी. ८ डिसेंबर २०२३ला भारताने कांद्याची निर्यात बंद केली. लोणंदला तेव्हा हळवा कांदा निघत होता. हळवा साठवता येत नाही, काढला की विकावाच लागतो. दादाचा फोन यायचा तो पडलेल्या भावाचाच. इकडे कांदा-बटाट्याची आयात ॲग्रिकल्चरल मार्केटिंग बोर्ड सांभाळतं आणि कांद्यासाठी त्याची भिस्त भारतावर. पुढे फेब्रुवारीत दिल्लीने मॉरिशससाठी १,२०० टनांची खास परवानगी दिली. डोईमागे जेमतेम किलोभर. बंदी उठली ४ मे २०२४ला, तीही चाळीस टक्के निर्यातशुल्क ठेवून. ते शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ला. घरातल्या ग्राहकाला स्वस्त मिळावं म्हणून निर्यात थांबवतात, हे मला समजतं. पण एका रात्रीत बंदी घातली की पिकवणारा आणि खाणारा, दोघेही उघडे पडतात. निदान ठरलेले सौदे तरी पुरे होऊ द्यायला हवे होते.

त्या महिन्यांत माझी मॅकरोनीही गोदामात पडून राहिली. इथल्या घरांत ती चीजपेक्षा कांदा, टोमॅटो आणि मिरची घालून परततात. कास्कावेलकडच्या एका दुकानदाराने नेहमीची दहा खोकी न घेता दोनच घेतली. म्हणाला, "बायका विचारतात, कांदा नाही तर ही परतू कशात? तुमच्या गावचा कांदा सुटला की बाकीची आठ पाठवा."